चार नंबर बोलत नाही

औसा, ४ जुलै २०२४

प्रिय माधव,

शरणार्थ. पाकीट बघून तुला वाटलं असेल की सिद्रामप्पा गेला आणि मागच्यांनी कळवलं. तसं काही नाही, मीच लिहितोय. जन्मभर फोन खात्यात काढून म्हातारपणी तुलाच फोनवर ऐकू येईना, हा देवाचा न्याय मला बरोबर वाटतो. आमची लाइन बंद असायची तेव्हा तू माझं कुठं ऐकत होतास? पण आता तुझ्याशिवाय गत नाही, म्हणून टपालखर्च करतोय.

उन्हाळ्यात न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरनं जिना बंद केलाय. खाली पुढं आडत दुकान, त्यामागं गोदाम, त्याच्याही मागं स्वयंपाकघर. खाली पोत्यांनाच जागा पुरत नाही, म्हणून मी वर. दोन्ही वेळचं ताट आपला धोंडप्पा हमाल आणून देतो. तो दुकानात गेला की माझ्या खोलीकडं चिटपाखरू फिरकत नाही.

म्हणून अमरनाथनं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, लातूरच्या वीरण्णाकडून इंटरकॉम बसवून घेतला. चार डबडी आहेत. कुणाचा नंबर कोणता यावर घरात आठवडाभर खल झाला. अमरनाथ म्हणाला, दुकान म्हणजे लक्ष्मी, एक नंबर दुकानाला. मी म्हणालो, थोरला मी आहे, लक्ष्मीनं दोन नंबर घ्यावा. शेवटी मी एक, दुकान दोन, गोदाम तीन, स्वयंपाकघर चार. स्वयंपाकघराला कुणी विचारलं नाही.

आता तक्रार ऐक. दोन दाबला की अमरनाथ बोलतो. तीन दाबला की धोंडप्पा एवढ्या जोरानं "हालोऽ" करतो की डबड्याची गरजच पडू नये. पण चार दाबला की घंटी जाते, तिकडून कुणीतरी उचलतं, आणि मग सगळं चिडीचूप. मी "कोण आहे तिकडं? कोण आहे?" करत बसतो.

यात हसण्यासारखं काही नाही. पुण्याहून माझा पोरगा उमाशंकर आला होता. माझ्यादेखत त्यानं चार नंबर लावला, मला "चहा पाठवा" म्हणायला लावलं, आणि उत्तर आलं नाही. पोरगं म्हणालं, "आप्पा, उद्या छातीत दुखलं तर कुणाला हाक मारणार? दिवाळीपर्यंत हे चालू झालं नाही तर मी तुम्हाला घेऊन जाणार." त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. त्याचा जीव आहे माझ्यावर, ते खोटं नाही. पण माधव, मला इथून जायचं नाही. इथं खिडकीतून धान्याचा मोंढा दिसतो, सौद्याचा आवाज येतो. तिथं काय दिसणार?

मोबाइल का नाही म्हणशील. स्वयंपाकघरात मोबाइल आहे तो अमरनाथच्या मंडळींचा. घरात बाईमाणूस तेवढंच. भासऱ्यानं, थोरल्या दिरानं, भावजयीच्या मोबाइलवर फोन लावायचा? लोक काय म्हणतील? इंटरकॉमचं तसं नाही. तो स्वयंपाकघराला लागतो, बाईला नाही.

उपाय कळव.

तुझा,
सिद्रामप्पा

—

नांदेड, १२ जुलै २०२४

प्रिय सिद्रामप्पा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पावलं. तक्रार क्रमांक एक म्हणून नोंदवून घेतली आहे. दुसरी कुठलीही तक्रार सध्या माझ्याकडं नाही, त्यामुळं तुझा नंबर लवकर लागेल.

प्रथम, रिसीव्हर आपटू नये. तू आपटला असशील, मला खात्री आहे. मी चौतीस वर्षं खात्यात होतो. नांदेड, मुखेड, देगलूर पायाखाली घातलं. मुखेडला एका डॉक्टरची लाइन महिनाभर मुकी होती. तीन जणांनी हात टेकले. मी गेलो, कपाट सरकवलं, मागं उंदरानं वायर खाल्लेली. तेव्हा आधी उंदीर बघ.

उंदीर नसेल तर दुकानाचं यंत्र स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघराचं दुकानात लाव. दोष यंत्राबरोबर गेला तर यंत्र खराब. दोष जागच्या जागी राहिला तर वायर खराब. तिसरी शक्यता शास्त्रात नाही.

मी ठीक आहे. कानाचं मशीन टेबलाच्या खणात असतं. इंदूचं म्हणणं, ते तिथं राहून माझ्यापेक्षा जास्त ऐकतं. तुझं पत्र ती वाचते आणि मधेच हसते. कारण विचारलं तर सांगत नाही.

पुण्याला जाऊ नकोस. त्या अकराव्या मजल्यावर मी जिने चढून येणार नाही, आणि लिफ्टवर माझा विश्वास नाही.

तुझा,
माधव

—

औसा, २६ जुलै २०२४

प्रिय माधव,

शरणार्थ. तुझ्या शास्त्राची परीक्षा झाली. स्वयंपाकघराचं डबडं दुकानात नेलं तर ते तिथं पोपटासारखं बोलायला लागलं. दुकानाचं आमच्या स्वयंपाकघरात गेलं आणि त्याची वाचा बसली. म्हणजे वायर. वीरण्णाला लातूरहून बोलावलं. त्यानं नवी वायर ओढली. जुन्या वायरला उंदराचा दातसुद्धा लागलेला नव्हता. चार नंबर तसाच मुका.

आता एक नवीन लक्षण दिसतंय. मधूनमधून तिकडून खळखळ येते. मी "चहा झाला का?" विचारलं की एकदा खळखळ. "धोंडप्पा आहे का खाली?" विचारलं की दोनदा. मग बंद.

आणखी एक गंमत सांगतो. परवा वैतागून मी त्या मेल्या डबड्यात म्हणालो, "आमटी आहे का आंघोळीचं पाणी?" संध्याकाळी आमटी अशी दाट आली की चमचा उभा राहावा. योगायोग म्हणून सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी म्हणालो, "मीठ आवरा जरा," तर मीठ आवरलं. हे कसं?

उमाशंकरनं दर रविवारी अमरनाथला विचारायचं ठरवलंय, चार नंबर बोलला का. अमरनाथ दर रविवारी मान हलवतो. मला वाटतं, त्यालाही वरची खोली मोकळी झाली तर नको आहे असं नाही. मूग-उडदाचे दिवस जवळ येतायत, पोत्यांना जागा लागेल.

लवकर लिही.

तुझा,
सिद्रामप्पा

—

नांदेड, ३ ऑगस्ट २०२४

प्रिय सिद्रामप्पा,

नमस्कार. आता मामला हातात आला. खळखळ म्हणजे लूज कनेक्शन. स्वयंपाकघरात वाफ असते, फोडणी असते. यंत्रात ओल शिरली आहे. त्याला चुलीपासून लांब ठेव आणि वरून प्लास्टिकची पिशवी घाल.

आमटी दाट झाली यावरून आणखी एक सिद्ध होतं. तुझा आवाज खाली जातो, खालचा आवाज वर येत नाही. याला आम्ही एकतर्फी दोष म्हणायचो. फार चिवट दोष असतो. लोक वर्षानुवर्षं त्याच लाइनवर बोलत राहतात आणि त्यांना वाटतं पलीकडं कुणी नाही.

अंतिम चाचणी अशी. कुणीतरी खाली उभं राहून एक ते दहा आकडे मोजावेत. तू वर ऐकावंस. ऐकू आले तर मला तसं लेखी कळव.

इंदू पुन्हा हसते आहे. मी तिला म्हणालो, हसण्यासारखं काय आहे, एका माणसाचं घर सुटायची वेळ आली आहे. तर म्हणाली, "म्हणूनच हसू येतंय."

तुझा,
माधव

—

औसा, २० ऑगस्ट २०२४

प्रिय माधव,

शरणार्थ. तुझी चाचणी केली. अमरनाथ स्वतः स्वयंपाकघरात गेला आणि एक ते दहा मोजले. सातनंतर नऊ म्हणाला, तेसुद्धा मला स्वच्छ ऐकू आलं. मी आनंदानं ओरडलो. अमरनाथ दुकानात गेला, मी चार दाबला, उचललं गेलं, आणि पुन्हा सामसूम. शिवाय खळखळ.

वीरण्णानं हात जोडले. म्हणाला, "आप्पा, मशीनमधी काई न्हाई. कुनाची तरी नजर लागलीय." मग श्रावण सोमवारी त्या डबड्याला विभूती लावली. अमरनाथनं वर बेलाचं पान ठेवलं. तुझी प्लास्टिकची पिशवी आधीपासून होतीच. त्यावर विभूती, त्यावर बेल. आता स्वयंपाकघरात जाणारा आधी त्याला हात जोडतो.

माधव, एक सांगतो, हसू नकोस. दुपारी दुकानात गर्दी असते. वर कुणी येत नाही. मी चार नंबर दाबतो आणि बोलत बसतो. लागत तर नाहीच, मग कुणाची चोरी? उमाशंकरची आई गेल्यापासून एवढं कुणाशी बोललो नव्हतो. ती गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, कशी करायची, खसखस किती घालायची, ते सांगितलं. रात्री जाग आली की पाय हलेल की नाही याची भीती वाटते, तेही सांगितलं. पुण्याला मला जायचं नाही, तिथं मी खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखा राहीन, पण पोराच्या तोंडावर नाही म्हणवत नाही, तेही. मेलेल्या फोनशी बोलायला बरं वाटतं. मधेच तोडत नाही, सल्ला देत नाही.

आणि सोमवारी ताटात हुग्गी आली, वर खसखस पेरलेली. मी धोंडप्पाला विचारलं, कुणी सांगितलं रे? म्हणाला, "मला काय ठावं? वाढून दिलं, आनलं." मला तर आता वाटतं की बेलाच्या पानाचाच गुण.

दिवाळी जवळ येतेय. काही तरी कर.

तुझा,
सिद्रामप्पा

—

नांदेड, ३० ऑगस्ट २०२४

ती. सिद्रामप्पा भाऊजी,

नमस्कार विनंती विशेष. हे पत्र मी इंदू लिहिते आहे. हे आतल्या खोलीत तुमच्या तक्रारीचा नकाशा काढत बसले आहेत. त्यात तीन रंगांच्या वायरी आहेत आणि एकही माणूस नाही.

मी दोन महिने गप्प राहिले. म्हटलं, एवढे मोठे दोघं, एक आडत चालवलेले, एक खातं चालवलेले, कुणीतरी विचारेल. यंत्र बदलून झालं, वायर बदलून झाली, उंदरावर आळ घेऊन झाला. पण चार नंबर खाली उचलतं कोण, हे तुम्ही दोघांनी एकदाही विचारलं नाही.

फोन तुमच्या भावजयबाई, शांतम्मा, उचलतात ना? मग भाऊजी, त्या तुमच्याशी कधी बोलल्या आहेत का?

मुदखेडला सासरी असताना मीही भासऱ्यांशी दाराआडून बोलायचे. त्यांना जेवायला बोलवायचं असलं की भिंतीकडं बघून म्हणायचं, "पानं वाढलीत." भिंत कधी जेवायला आली नाही, पण ते यायचे. फोनला भिंत कुठून आणायची? बिचाऱ्या शांतम्मा काय करणार? घंटी वाजली तर न उचलणं हा अपमान, उचलून बोलणं हा आगाऊपणा. म्हणून त्या बांगड्या वाजवतात. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आमच्या साहेबांनी त्यावर प्लास्टिकची पिशवी घालायला सांगितली.

तुम्ही "कोण आहे, कोण आहे" ओरडत बसता. त्यांनी काय सांगायचं, मी कोण?

थोरल्यानं आधी बोलायचं असतं. नाव घेऊन हाक मारा. तुमचं यंत्र पहिल्या दिवसापासून चांगलं आहे.

तुमची,
इंदू

—

औसा, १४ सप्टेंबर २०२४

सौ. इंदूवहिनींस,

शरणार्थ. खरं सांगतो, तुमचं पत्र वाचून आधी राग आला. आमच्या घरात मर्यादा आहे. भावजय लग्न होऊन आली तेव्हापासून माझ्यापुढं एक शब्द बोललेली नाही. याची तारीफ मी पाहुण्यारावळ्यांत करत आलो. समाजात लोक उदाहरण देतात. आणि तुम्ही त्याला बिघाड म्हणता?

चार दिवस पत्र उशाखाली ठेवलं. मग चार दाबला. उचललं गेलं. मी काही बोललो नाही. तिकडूनही कुणी नाही. मग हळूच एकदा खळखळ झाली. मी रिसीव्हर ठेवून दिला. 

वहिनी, म्हणजे तिनं सगळं ऐकलं. मी काय काय बोललो त्याचा हिशेब लावतोय आणि जीव जातोय. आमटीला आंघोळीचं पाणी म्हणालो. बिदरकडच्या माणसांना, म्हणजे तिच्या माहेरच्यांना, तिखटाची अक्कल नसते म्हणालो. अमरनाथनं मुलगी बघताना डोळे मिटले होते, असंही एकदा म्हणालो. त्यावर तिनं मला मीठ बेतानं घालून जेवू घातलं. आणि एकदा मी रडलो होतो. त्या दिवशी खाली रिसीव्हर बराच वेळ ठेवला गेला नव्हता. मला वाटलं, वीरण्णाचा दोष.

आता कुठल्या तोंडानं बोलू? आणि काय म्हणून हाक मारू? इतक्या वर्षांत तिला हाक मारायची वेळच आली नाही. "अगं ए" म्हणावं तर ती काही माझी बायको नाही. नाव घ्यावं तर जीभ वळत नाही. खोलीत एकटा असताना "शांतम्मा" म्हणून बघितलं, तर आपण दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरल्यासारखं वाटलं.

मी डबड्याला हात लावायचं बंद केलंय. त्यापेक्षा पुणं बरं. उमाशंकरला अमरनाथकडून निरोप दिला, दिवाळीला ये, मी येतो.

आपला,
सिद्रामप्पा

—

नांदेड, १ ऑक्टोबर २०२४

प्रिय सिद्रामप्पा,

माझ्या परवानगीशिवाय माझ्या घरातून तुझी तक्रार निकालात काढण्यात आली, याबद्दल मी नाराजी नोंदवतो. इंदूच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं. तरीही यंत्रात ओल होती, यावर मी ठाम आहे.

आता साहेब म्हणून नाही, माधव म्हणून लिहितो. परवा इंदूनं मला विचारलं, "तुम्ही घरात कानाचं मशीन का लावत नाही?" मी म्हणालो, खुपतं. ती म्हणाली, "मशीन खुपतं का मी?" मी टेबलाचा खण उघडला. मशीन लावलं. कुकरची शिट्टी फार मोठी असते, हे मी विसरून गेलो होतो. इंदू दिवसभर स्वतःशी काहीतरी गुणगुणते, हेही मला माहीत नव्हतं. कधीपासून गुणगुणते हे विचारायचं धाडस झालं नाही.

भावजयीच्या लाजेनं गाव सोडणारा भासरा मी अजून पाहिला नाही. उलट पाहिलेत. एक फोन कर. मूर्खासारखा पुण्याला जाऊ नकोस रे.

तुझा,
माधव

—

औसा, ९ नोव्हेंबर २०२४

प्रिय माधव आणि इंदूवहिनी,

शरणार्थ. दिवाळी झाली. पत्रावर पत्ता औशाचाच आहे, हे बघितलंत ना?

पाडव्याला उमाशंकर गाडी घेऊन आला. बॅग भरली. माझे चार सदरे, गोळ्यांचा डबा, लिंगपूजेचं सामान, सगळं त्यानं स्वतः घडी घालून ठेवलं. अमरनाथ खिडकीशी उभा होता, खोलीत किती पोती मावतील ते डोळ्यांनी मोजत होता, किंवा मला तसं वाटलं. धोंडप्पा बॅग उचलायला वाकला.

तेवढ्यात माझं डबडं वाजलं. आजवर ते खालून वाजलं होतं ते दुकानातून नाहीतर गोदामातून. दोघंही माझ्यासमोर उभे. डबड्यावर चारचा दिवा लागला होता.

मी उचललं. सवयीनं "कोण आहे?" म्हणणार होतो, इंदूवहिनी, तुमचं वाक्य आठवलं.  ते गिळून म्हणालो, "शांतम्मा, बोल. मी ऐकतोय."

अमरनाथनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मला झटका आलाय. तिकडून बांगड्या वाजल्या. मग आवाज आला. बारीक असेल असं मला वाटत होतं. चांगला खणखणीत आहे.

"आप्पा, पुन्याला जायचं न्हाई, जायचं न्हाई, म्हनून पावसाळाभर माझ्या कानापाशी बोललाव. मला सांगून काय उपेग? ज्याला सांगायचं त्याला सांगा की. का तिथंबी मीच बांगड्या वाजवू?"

माधव, आमच्या घरात मुकं कोण होतं ते मला तेव्हा कळलं. रिसीव्हर तसाच कानाला धरून मी उमाशंकरला म्हणालो, "मला यायचं नाही रे पोरा. तुझ्यावर राग नाही. पण मला इथंच राहायचं आहे."

उमाशंकर बॅगेवरच बसला. म्हणाला, "मग आप्पा, इतके दिवस बोलला का न्हाईत?"

मी म्हणालो, "लाइन खराब होती."

त्यानं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि विचारलं, "काकू, आप्पांनी हाक मारली तर ओ द्याल ना?" काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण पोरगं हसलं आणि डोळे पुसले. मग अमरनाथनं रिसीव्हर घेतला. त्याला काहीतरी बरंच ऐकून घ्यावं लागलं. पोत्यांचं असावं. बॅग धोंडप्पानंच उघडली आणि सदरे परत खुंटीला लावले.

वहिनी, मी तिची माफी मागितली, तीसुद्धा फोनवरच. समोरासमोर अजून ती दाराआड आणि मी भिंतीकडं तोंड करून. मर्यादा शाबूत आहे. आमटीबद्दल बोललो ते मागं घेतलं. ती म्हणाली, "आमटीचं ऱ्हाऊ द्या, त्यात तुमचं खरं हुतं." डोळे मिटून केलेल्या बायकोबद्दल मात्र अजून सोडलेलं नाही. ते ती रोज एकदा काढते.

माधव, तुझी तक्रार क्रमांक एक निकालात काढ. आता क्रमांक दोन लिहून घे. हल्ली चार नंबर सारखा वाजतो. गोळी घेतली का, पाय हलवला का, खिडकी लावा गार वारं हाय, झोपला का, झोपला असाल तर उठा चहा पाठवलाय. आज सकाळी मी तुला हे पत्र लिहायला बसलो तर विचारून झालं, कुणाला लिहिताय, माझं काय काय लिहिलंत. एवढी वर्षं साठलेलं सगळं त्या तारेतून वर येतंय. इकडं मान वर करायला फुरसत नाही.

घंटीचा आवाज कमी करायचं बटण या डबड्याला कुठं असतं, ते तेवढं कळव.

घाई नाही.

तुमचा,
सिद्रामप्पा